नऊ मिनिटांचे आजोबा

३ फेब्रुवारी, सांगली

साताऱ्याच्या त्या सांस्कृतिक मंडळात जाऊन आले. अध्यक्ष शंभूराजसाहेब – गळ्यात सोनं, डोक्यात भुसा. माझी नऊ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, दोन वर्षं एकटीनं काढलेली. त्यांनी फोन बघत बघत दोन मिनिटं पाहिली. मग म्हणाले, "आफ्रिकेतली माणसं ना मॅडम? मग ढोल कुठायत? सिंह तरी टाका एखादा."

सांगितलं – आम्ही सिद्दी. पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात विकायला आणलं, तिथून ते पळाले आणि कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलात शिरले. फिल्म त्याचीच आहे.

"पण मराठी किती छान बोलता तुम्ही!"

सांगलीत जन्मले, गाढवा. दुसरं काय बोलू?

४ फेब्रुवारी

सिंह टाकणार नाही.

९ फेब्रुवारी

बाबा त्या अध्यक्षापेक्षा वाईट. तरुणपणी कुस्तीसाठी हल्याळहून इथं आले, आता हळदीच्या पेठेत हमाली करतात. तीस वर्षं पेठेत एकच सांगतात – "आमी कानडी." सिद्दी हा शब्द तोंडातून निघत नाही. फिल्ममध्ये गोष्ट सांगतात ते आजोबा, म्हणजे त्यांचेच वडील. फिल्म करतानाच म्हटलं होतं, आवाज तुम्ही द्या. तर म्हणाले, "राजे, कशाला उकरतीस पोरी? पेठेत बिराप्पा म्हनून वळखत्यात, तेवढं लय झालं."

एवढा अंगापिंडानं मजबूत पैलवान आणि एका शब्दाला घाबरतो. कीव नाही, किळस येते. आवाज पुण्याच्या एका नटाचा घेतला.

१६ फेब्रुवारी

रहिमतपूरच्या एका शाळेत फिल्म दाखवली. नंतर एका बाईंनी न विचारता माझ्या केसांत हात घातला. "खरे आहेत?" म्हटलं, तुमच्या पदवीइतके तरी खरे असतील.

मागच्या बाकावर बाबा होते. मला न सांगता सकाळच्या गाडीनं आलेले, नखांत हळद तशीच. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यो गोष्ट सांगनारा म्हातारा कोन?"

"आजोबा."

नखांतली हळद खरवडत राहिले. मग – "माझा बाप येवढा उजळ न्हवता, राजे."

१७ फेब्रुवारी

सगळ्यात पहिली फाइल उघडून बघितली, दोन वर्षांपूर्वीची. आजोबांचा तो उजळ रंग मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत मी एकटीच होते.

बाबांना म्हटलं, जरा उजेडात बसता का, तुमचा दंड बघून रंग घ्यायचाय. ते शर्टाची बाही वर करायला लागले.