शेवटचं नाव

३ फेब्रुवारी
लेख परत आला. अर्नफिननी, माझ्या मार्गदर्शकांनीच, माझं मुख्य वाक्य खोडलंय — एक तृतीयांश कॉड मासे जन्मल्या खाडीत परततच नाहीत, हे. मागच्या आठवड्यात याच वाक्यावर खूश होते. त्यांचंच जुनं म्हणणं यानं खोटं पडतं, तरी हसून म्हणाले होते, 'म्हणजे मी चुकलो होतो. छानच की.' मग आता काय झालं?

६ फेब्रुवारी
वाक्य पुन्हा घातलं. पाठवलं.

९ फेब्रुवारी
पुन्हा खोडलं! बाजूला शेरा: 'हे कुठून आलं?' कुठून म्हणजे? सगळे हिवाळे बोटीवर आम्हीच तर होतो. माशांच्या कानातली हाडं मी कापली, त्यावरची वलयं त्यांनी मोजली.
शेजारच्या टेबलावरचा योस्टाइन म्हणतो, निवृत्त मार्गदर्शक असेच. लेखकांत शेवटचं, मानाचं नाव त्यांचं, मग जुनं मत सुटतंय कशाला! वर म्हणे, याच माशांवर काम करणारा जर्मन गट तुझ्याआधी छापणार बघ. डब्यातला पाव तसाच घरी आणला.

१४ फेब्रुवारी
भांडायचंच म्हणून अर्नफिनच्या घरी गेले. चढावर सगळीकडे निसरडा बर्फ, त्यात बर्गनचा पाऊस. त्यांच्या बायकोनं, वेन्केनं, वाफल्स केले होते, वर तपकिरी चीज. अर्नफिन मजेत. निघताना म्हणाले, 'आईला ये म्हणावं एकदा.'
आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिची शवपेटी उचलणाऱ्यांत ते होते.
मी बूट घालत होते. वेन्के माझ्याजवळ वाकली. 'सकाळपासून तुझा लेख उघडून बसतात. माझ्या लक्षात आलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. खचतील.'
आणि मी त्यांना अहंकारी समजत होते.

१७ फेब्रुवारी
जर्नलच्या फॉर्मवर एक चौकट आहे: सर्व लेखकांनी लेख वाचून संमती दिली आहे. टिक केली. काढली. परत केली. परत काढली.
त्यांचं नाव ठेवावं तर हे खोटं. काढावं तर त्यांना कारण सांगायला हवं. कुठल्या तोंडानं सांगू? ही सगळी विद्या त्यांची.

१८ फेब्रुवारी
दिवसभर संदर्भसूची तपासली. तपासलेलीच. आलेखाचा रंग बदलला, मग पूर्वीचाच केला. योस्टाइन विचारत होता, पाठवलास का. आकृत्या राहिल्यात, म्हटलं.

२० फेब्रुवारी
सकाळी अर्नफिनचा फोन. आवाज अगदी बोटीवर असायचा तसा, खणखणीत.
'ओद्रुन, माझं नाव काढ. रोज लेख वाचतोय, पण मला तो समजत नाही. चांगलाच असणार, तू लिहिलायस. डोकं माझं चालेनासं झालंय. वेन्केला अजून पत्ता नाही. तिला बोलू नकोस, खचेल ती.'
नाही बोलणार, म्हटलं.