नवा प्रोजेक्टर परत केल्याबद्दल

आदरणीय वारलूभाऊ आणि वहिनींना,

हेमराजचा रामराम. इकडे धान कापणीला आलं आहे, तुमच्या बहिणीची, इंदूची, कंबर जेमतेम चालते आणि माझं पोट नेहमीसारखंच बिघडलेलं आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? पुण्याची थंडी बाधते, जपा. टपालाचं पाकीट बघून दचकू नका, इथे सारे हयात आहेत. फोन का नाही केला म्हणाल, तर आमच्या पडवीत बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं (आणि स्वयंपाकघरातून विहिरीवर), म्हणून लिहायला बसलो.

विषय प्रोजेक्टरचा आहे. आमचा जुना तुम्ही पाहिलाच आहे. तो आता अगदीच म्हातारा झाला. त्यात दिसणारा प्रत्येक हिरो काविळीतून उठल्यासारखा दिसतो. काचेवर एक काळा डाग बसला आहे, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात जो उभा राहील त्याच्या गालावर चामखीळ येते. पंखा राइस मिलसारखा घरघरतो, म्हणून मारामारी नीट समजते आणि प्रेमाचं बोलणं अंदाजाने घ्यावं लागतं. सिनेमाचं एक वेळ सोडा. पण दर रविवारी आमची दिव्यानी पुण्याहून व्हिडिओ कॉल करते, तोही आम्ही ह्याच प्रोजेक्टरला जोडतो. फोनवर ती बोटाएवढी दिसते, भिंतीवर मात्र अख्खी. इंदू तिच्यासमोर बसून वांगी चिरते, जणू पोरगी पडवीतच आहे. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला सुट्टी नाही, येणार नाही, असं दिव्यानीने सांगितलं तेव्हापासून इंदूने नव्या प्रोजेक्टरचा धोशाच लावला. मंडईला साऱ्या गावाच्या लेकी माहेरी येतात, आपली निदान भिंतीवर तरी नीट दिसावी, एवढंच तिचं म्हणणं.

आता आपल्याकडे बैल घ्यायचा असो की जावई, एकट्याने कोणी जात नाही. मीही इसरूकाका आणि बापूजींना जीपमध्ये घालून ब्रह्मपुरीला गेलो. (इसरूकाका साऱ्या गावाचे बैल पारखतात आणि बापूजी मंडईच्या नाटकाचे पडदे बांधतात, म्हणजे तज्ज्ञ दोघेही.) दुकानदार लुमेन, लेझर, फोर-के असं बरंच काही म्हणाला. मी मान डोलावत होतो, कारण मला एकही शब्द कळत नव्हता आणि नाही कळत म्हणायची लाज वाटत होती. बापूजींना उजेड पसंत पडला. इसरूकाकांनी मात्र प्रोजेक्टरभोवती चक्कर मारली, पाठीवर थाप दिली आणि खाली वाकून पाय पाहिले. "हा तं रिकामाच चालून राह्यला," ते म्हणाले. "घरी नेऊन जुंपल्याबिगर मी हो म्हणत नाई." दुकानदाराने पुष्कळ समजावलं. पण आपल्याकडे बैल आधी दावणीला नेतात, नांगराला लावून पाहतात आणि मग सौदा पक्का करतात, हे काकांनी त्याला इतक्या विस्ताराने सांगितलं की गिऱ्हाइकं परत जायला लागली. शेवटी त्याने नमुन्याचा प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी आमच्या मांडीवर ठेवला. तो फुटेल ह्या भीतीने मी जीपमध्ये वाटभर त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो.

रविवारी संध्याकाळी त्याला जुंपला. अर्धी गल्ली पडवीत जमली. दिव्यानीचा कॉल आला आणि भाऊ, काय सांगू, काच पुसल्यासारखं चित्र! पंखा नाही, डाग नाही, पिवळेपणा नाही. बापूजी म्हणाले, "एवढा उजेड तं आमच्या स्टेजवर बी नसते!" साऱ्यांनी वाहवा केली आणि मी उठून वायर उपटली. लाइट गेली, असं सांगितलं. (डोक्यावरचा बल्ब जळतच होता. इसरूकाकांनी आधी बल्बकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.) इंदू तेवढ्यात आत चहाकडे गेली होती, हे माझं नशीब. दुसऱ्याच दिवशी प्रोजेक्टर परत केला. कारण विचारलं तर माझ्या तोंडून निघून गेलं, चित्र फार स्वच्छ येतं. अशी तक्रार घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं म्हणे.

तेव्हा जुनाच चालू आहे. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
हेमराज

ता.क. भाऊ, आता खरं लिहितो. पोरगी वाळून गेली आहे. गालाची हाडं वर आली आहेत, डोळ्यांखाली काळं झालं आहे आणि मागे खिडकीत औषधाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली. जुन्या प्रोजेक्टरात सारेच आजारी दिसतात, म्हणून आजवर कळलंच नाही. विचारलं तर बरी आहे म्हणते. मला झोप नाही. तुम्ही मामा आहात, सहज आलो म्हणून तिच्या खोलीवर जाऊन या. मी सांगितलं म्हणू नका.

ता.क. दुसरा. इंदूला ह्यातलं अक्षरही कळू देऊ नका. ती फार लवकर घाबरते.

भाऊ, मी इंदू. यायनं पाकीट चिकटवाले माह्याजवळच देल्लं. मी चहाकडे नोहती, दाराआड उभी होती. पोरीले मी बी पाह्यलं. नागपूरले मामेबहिणीकडे जातो म्हणून सांगतलं यायले, अन् येत्या शुक्रवारी मी पुण्याले येऊन राह्यली. यायले सांगू नका, उगीच घाबरतेत. अन् दिव्यानीले तं अजिबात सांगू नका, नाईतर पावडर लावून बसन.