मागच्या जिन्यातले दिवे

बाबा, मागच्या जिन्यात दिवे लावून घेतले. आईला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. प्रत्येक वळणावर एक दिवा आहे आणि दारांवर हिरव्या पाट्या, त्यांच्यावर पळणारा माणूस आणि बाण. वीज गेली की हे दिवे आपोआप लागतात, त्यांच्या पोटात बॅटरी असते. मेन स्विच बंद केला तरी लागतात, किंबहुना मेन बंद होतो तेव्हासाठीच ते असतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रिकाम्या जिन्यात दिवे कशाला गो, तिथं कोण राहतंय? तुमच्याशी भांडायची माझी हौस अजून फिटलेली नाही, ते पुढे दिसेलच.

मी आता एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. दर महिन्याला मी मुद्दाम वीज बंद करायला लावते आणि अंधारात उभी राहून बघते, कुठला दिवा लागला आणि कुठला नाही. कामगार त्या हिरव्या माणसाला पळपुट्या म्हणतात. मॅडम, पळपुट्या विझलाय, असं सांगत कोणी आला की मी हातातलं काम टाकून जाते. दिवा लागणं ही अर्धीच गोष्ट असते. बाण ज्या दाराकडे दाखवतो त्या दाराला कुलूप नको, आणि तिथपर्यंतच्या वाटेत काही ठेवलेलं नको. मागे एका सुपरवायझरने दारासमोर ड्रम ठेवला आणि मला म्हणाला, तात्पुरता आहे. त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर असं झाडलं की बिचारा आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. तात्पुरता हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते त्याला काय माहीत.

आपल्या महाडच्या बाजारपेठेत पावसाळ्याची तयारी म्हणजे माल वर चढवणं. आकाश भरून आलं, सावित्री नदीचं पाणी लाल झालं की दुकानदार खालचा माल उचलतात आणि जिथे जागा मिळेल तिथे, वरच्या मजल्यांवर, जिन्यांत, गॅलरीत नेऊन रचतात. आपल्या इमारतीत हा माल मागच्या जिन्यात जायचा. पुढचा जिना बाजाराकडे उघडणारा, वापरातला. मागचा बोळात उतरणारा, बंदिस्त, एकही खिडकी नसलेला. पहिल्या मजल्यापासून आपल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत कापडाचे गठ्ठे, वह्यांचे खोके, चपलांची पोती. भिंतीकडून एका माणसाची वाट तेवढी सोडायची, असा रिवाज होता. त्या वाटेने मी शाळेला जायची, अंग चोरून. पावसाळ्यात जिन्याला कोऱ्या कापडाचा वास यायचा आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

एकदा मी शाळेला उशीर झाला म्हणून पळत उतरताना एका गठ्ठ्यात पाय अडकून पडले. गुडघा फुटला. मी रागाने त्या गठ्ठ्याला लाथ मारली आणि मोठ्याने म्हटलं, जिना काय यांच्या बापाचा आहे का. वर तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशीही चढवला नाही. मला हाताला धरून खाली कापडवाल्या शेटच्या दुकानात नेलंत आणि त्यांची माफी मागायला लावलीत. शेट कानकोंडे झाले, म्हणाले, जाऊ द्या हो भाऊ, लेकरू आहे. परत वर येताना तुम्ही मला म्हणालात, "पुराच्या वक्ताला दारात आलेल्या माणसाला नाय म्हणायचं नाय. आपण तर नायच म्हणायचं नाय." गुडघ्यातून रक्त येत होतं, ते तुम्हाला दिसलं नाही. मला त्या 'आपण तर'चा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

तो आईने सांगितला, बऱ्याच वर्षांनी, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता. तुडीलच्या बौद्धवाडीतून बाजारपेठेत राहायला आलेलं आपलं पहिलं घर. तुम्ही कचेरीत कारकून, कर्ज काढून जागा घेतलेली. सुरुवातीला इमारतीतली माणसं बोलायला गोड होती, पण आपल्याकडे पाणी घेत नव्हती. शेटच्या घरचं कोणी दारात आलंच तर आताच चहा झाला म्हणायचं. मग एका पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून दुकानात आणि दुकानातून शेटच्या माडीच्या पायरीला लागलं, आणि ती सगळी माणसं मुलाबाळांसकट आपल्याकडे आली. आईने पिठलंभात केला, चहा केला, आपल्याच कपबशांतून दिला. "शेटनी कप हातात घेतला आन् क्षणभर थांबले," आई सांगते, "मग प्यायले. दुसरा पन मागितला." त्यानंतर तुम्ही त्यांचे भाऊ झालात. मागचा जिना तुम्ही त्यांना दिला नव्हतात बाबा, त्या जिन्यानेच तुम्हाला बाजारपेठेत जागा दिली होती. हे मला आता समजतं, आणि समजतं म्हणून जास्त राग येतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमच्या भिडेने भीक नाही मागायला लावली, पण तिने जे केलं त्यापेक्षा भीक परवडली असती.

ती दुपार मी पाहिलेली नाही, पण इतक्यांदा ऐकली आहे की पाहिल्यासारखी झाली आहे. आई आणि मी पोलादपूरला मामाकडे गेलो होतो. सकाळी तुम्ही कचेरीला निघताना शेटनी खालूनच विचारलं, भाऊ, आणखी थोडे गठ्ठे आहेत, ठेवू का? आणि तुम्ही छत्री उघडत म्हणालात, मला काय विचारताय, ठेवा की. किती गठ्ठे, कुठे ठेवणार, ते वळून पाहिलं नाहीत. त्यांच्या गड्यांनी भिंतीकडची ती माणसाची वाटसुद्धा भरून टाकली. संध्याकाळपर्यंत दुसरीकडे हलवू, तात्पुरतं, असं ठरलं होतं. दुपारी तुम्ही जेवायला पुढच्या जिन्याने घरी आलात.

पुढच्या जिन्याच्या तळाशी मीटरची पेटी होती. ओल धरलेल्या भिंतीत तिने पेट घेतला आणि धूर जिन्यातून वर चढला. खाली कोणीतरी धावत जाऊन मेन बंद केला. या गावात काहीही झालं तरी हात आधी मेनकडे जातो, पुराने लावलेली सवय आहे, आणि ती चूक नव्हे. पण मागचा बंदिस्त जिना भर दुपारी काळाकुट्ट झाला. घराच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने लोखंडी जाळ्या. तिसऱ्या मजल्यावरची माणसं गच्चीवर गेली आणि वाचली. तुम्हालाही वर जाता आलं असतं. पण मागच्या जिन्याने खाली उतरायचं, भिंतीकडून वाट आहे, हे तुमच्या पायांना पाठ होतं. तुम्ही हाताने भिंत चाचपत उतरलात आणि वळणावर गठ्ठ्यांत अडकलात. मागून धूर आला. तिथे एक दिवा असता, कंदिलाएवढा जरी, तरी वरच्या पायरीवरूनच तुम्हाला दिसलं असतं की खाली वाट नाही, आणि तुम्ही माघारी फिरला असतात.

बोळातून माणसं एकेक गठ्ठा ओढून काढत होती. शेट स्वतः ओढत होते, हात सोलवटून निघाले त्यांचे. तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा कशेडी घाटात दरड आल्याने ट्रकांची रांग पोलादपूर ओलांडून महाडच्या दिशेने लागली होती. त्यांच्या कडेकडेने मामाने मोटारसायकलवर मला थेट दवाखान्यात आणलं, आई मागून टेम्पोने आली. ती पोचली तेव्हा तुम्ही गेला होतात. दिवसकार्याला शेट माझ्यासमोर उभे राहून रडत एवढंच म्हणत राहिले, मी विचारलं होतं गो पोरी, भाऊ म्हणाले ठेवा. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण ज्याने केली तो महाडचा नसावा. पुढच्याच पावसाळ्यात जिना पुन्हा भरला. आई म्हणाली, त्यांच्या रीतीला आपण मोडता घालायचा नाय. मी तेव्हा कॉलेजात होते, मला घरात आवाज नव्हता. आता आहे. तिसऱ्या मजल्यावर आता हॉलमध्ये अभ्यासिका झाली आहे. दासगावच्या, तुडीलच्या, पोलादपूरच्या मुली सकाळी एसटीने येतात आणि भरतीच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन संध्याकाळपर्यंत बसतात. पावसाळ्यातही येतात, घरी बसायला जागा नसते. त्यांच्यासाठी मी इमारतीतल्या सगळ्यांना गोळा करून नियम समजावले, की जिना रिकामा ठेवायचा, दिवे वीज गेल्यावर आपोआप लागणारे हवेत, पाटी धुरातही दिसली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवे लागले, पेढे वाटले. गावात कौतुक झालं. माना डोलावणाऱ्यांपैकी एकानेही मालाचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही, कारण ते उन्हाळ्याचे दिवस होते.

या पावसाळ्यात पुराचा भोंगा वाजला तसा शेटचा मुलगा वर आला. शेट गेले, दुकान आता तोच पाहतो. माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही त्याच गठ्ठ्यांवर बसून चिंचा खायचो. मागे गडी डोक्यावर गठ्ठे घेऊन उभे. मी जिन्याच्या तोंडाशी, हिरव्या पाटीखाली, वाट अडवून. वर मुली होत्या, एसट्या बंद झाल्या होत्या, त्यांना कुठे जाता येणार नव्हतं. मी म्हटलं, माझ्या घरात ठेव, पुढच्या खोलीत ठेव, जिन्यात नाही. तो म्हणाला, घरात किती मावणार, आणि ते खरंच होतं. मावतील तेवढे घेतले, पलंगावर, ओट्यावर, आईच्या देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीच्या शेजारीसुद्धा. अर्ध्याहून जास्त उरले.

"ताई, पाणी दरवर्षी येतं," तो म्हणाला, "आग एकदाच लागली." मग खालच्या आवाजात, "काकांनी कधी नाही म्हटलं नाही."

सगळी कलमं, सगळे नियम मला पाठ आहेत बाबा. त्यातलं एकही त्या वेळी तोंडात आलं नाही. आलं असतं तरी चाललं नसतं. मी म्हटलं, "बाबांनीच सांगितलंय. दवाखान्यात. जिना मोकळा ठेव म्हणाले, शेवटचं."

मग त्याने पाटीकडे बघून हात जोडले, जसे काही तुम्ही तिथे होतात, आणि गड्यांना माघारी फिरवलं.

पाणी आलं. आग लागली नाही. मुली रात्रभर वर सुखरूप होत्या, वीज गेल्यावर जिन्यातले दिवे लागले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. खाली त्याचा माल चिखलात गेला, लग्नसराईसाठी भरलेल्या साड्या होत्या. पाणी ओसरल्यावर मी खराटा घेऊन बोळात गेले. तो एकेक साडी पिळत होता, रंग एकमेकांत उतरलेले. मी खराटा टेकवून साडीचं दुसरं टोक धरलं. तोच म्हणाला, "काकांचा शब्द होता ताई. मग मी काय बोलणार?" एका शब्दाने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्याने ते आईलाही सांगितलं. आई माझ्यापाशी आली, डोळे भरलेले, आणि म्हणाली, "शेवटचं बोलले होते, तर इतकी वरसं मला का नाय सांगितलंस गो?" तिला आजवर वाटत होतं की तुम्ही काहीच न बोलता गेलात. आता ती येईल त्याला सांगते. तुडीलला जाऊन वाडीत सांगून आली. जिना मोकळा ठेवा, हे त्यांचं शेवटचं बोलणं. अभ्यासिकेतल्या मुलींनी ते सुंदर अक्षरात लिहून तुमच्या नावाखाली जिन्यात लावलं आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. यापुढे त्या जिन्यात कोणी काही ठेवणार नाही, माझ्या कुठल्याही पाटीने झालं नसतं ते काम झालं आहे, आणि तो शब्द मी कधीच मागे घेणार नाही.

म्हणून हे पत्र घरात राहता कामा नये. उद्या कारखान्यात नेऊन फाडून टाकेन. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा खोलीत मी एकटी होते. माझा हात धरलात, मला ओळखलंत, आणि विचारलंत, "शेटचा माल निघाला का गो?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर तुम्ही डोळे मिटलेत.