एकच कॅसेट

५ जानेवारी २००९
आईला हॉस्पिटलातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आवडेल ते खायला द्या. म्हणजे काय ते कळलं. टॅक्सीतून उचलून जिना चढलो तर वजन लागलंच नाही. दुपारी पेज घेतली, तीन चमचे. मग म्हणाली, "सुरश्या, माका वसंताचो आवाज आठवना नाय रे. तोंड दिसता. आवाज नाय."
वीस वर्षांत पहिल्यांदा दादाचं नाव काढलं तिने. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

६ जाने.
माळ्यावरून टेप काढला. छोटा, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. दादानेच आखातातून पाठवलेला. संपात दोघांच्याही गिरण्या गेल्या. तो तिकडे गेला, मी इथे रेडिओ-टीव्हीची रिपेअरी शिकलो. आईला अक्षर येत नाही, म्हणून पत्राऐवजी कॅसेट. एकच. ए बाजूला तो बोलायचा, बी बाजूला आम्ही, की परत पोस्टात. तिकडे पोचली की तो आपली बाजू पुसून नवीन बोलायचा. दुसरी कॅसेट घ्यावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मजाच वाटायची, एक कॅसेट झिजेपर्यंत वापरतोय म्हणून.
नवे सेल घातले. लाल दिवा लागला, चाक फिरलं. आवाज शून्य. आतले कंडेन्सर गेले असणार.
कमल म्हणाली, "कशाला उकरून काढताय? मोठ्या भावोजींनी कधी मागे वळून पाहिलं का?"
टेप फडक्याने पुसत बसलो. मला तेवढं एक छान जमतं.

७ जाने.
इथे तरी लिहितो. कॅसेट माझ्याकडे आहे. सोल्डर ठेवतो त्या पत्र्याच्या डब्यात, तळाला, फडक्यात गुंडाळून.
शेवटची आली तेव्हा दादा म्हणत होता, कंपनी बंद पडली, आता पुरे झालं, आई, घरी येऊ का? तू हो म्हण, लगेच निघतो. आईने बी बाजूला उत्तर दिलं. पोस्टात टाकायचं काम माझं.
टाकली नाही. दहा बाय बाराची खोली, बाबांचा खोकला, कमलला सातवा महिना. तो आला की आम्ही दोघं भाऊ परत गॅलरीत झोपणार, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय चुकवत. म्हटलं, कमलचं बाळंतपण होऊ दे, मग टाकू. बाळंतपण झालं. मग बारसं झालं. मग बाबा गेले. मग कोणत्या तोंडाने टाकणार? पुढे गावचा एक जण तिकडून आला, म्हणाला, वसंत कामगारांच्या त्या कॅम्पातून केव्हाच गेला, कुठे ते माहीत नाही.
आई तेव्हापासून एकच म्हणायची. "मी बोलवलंय, तरी इलो नाय." मग तेही बंद केलं तिने.
कॅसेट फेकवली नाही. पोस्टातही टाकवली नाही.

९ जाने.
टेप उघडला. कंडेन्सर आठ, मुगाएवढे. सगळे गळलेत, खालचं तांबं हिरवं पडलंय. गरम केल्यावर अस्सा वास सुटला! खोलीभर कुजकी मासळी. गळलेल्या कंडेन्सरला हा वास येतोच. आईने अंथरुणातून विचारलं, "काय भाजतंस रे? बांगडो?"
कमल हसली. मी पण. आई म्हणाली, "करपवू नको."
मग पंख्याकडे पाठ करून बसलो बराच वेळ. रडू येत होतं ते वासाच्या नावावर खपलं.

११ जाने.
लॅमिंग्टन रोडला कंडेन्सर आणायला गेलो. पूर्वी दहा दुकानं ओळखीची होती, आता एक. म्हातारा भिंगातून माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून जिवंत आहे हा टेप? भाऊ, सोडा ना, कोण ऐकतं?" तसले चपटे नाहीत त्याच्याकडे. तारेचे पाय असलेले घेतले, आडवे पाडून बसवावे लागतील.
येताना चालत आलो. लालबागला माझ्या गिरणीच्या जागी टॉवर झालाय, त्याला काचा बसवतायत. मान वर करून बघवेना. कंडेन्सरची पुडी खिशात दाबून धरली होती, कुणी हिसकावणार असल्यासारखी.

१३ जाने.
सहा बसले, सातवा उलटा लावला. पट्टी असते ती बाजू मायनसची, हे मी किती जणांना शिकवलंय. बटण दाबलं, फट् झालं, धूर.
उलटा का लागला? डोळे अधू झाले म्हणून, की लागू नये असंच वाटत होतं म्हणून? टेप मेला तर मी सुटलो. सांगायचं, आई, नाही झालं गं, जुना माल. कोण बोट दाखवणार?
आईने आज पेजही घेतली नाही. विचारलं फक्त, "होता काय रे?"
"होईल," म्हटलं.

१५ जाने.
नवीन आणून लावला. आठवाही बसला. आवाज आला.
पण दादाचा नाही. संथ, जाड, कुणी भलताच माणूस बोलतोय. मोटरच्या मागे स्पीडचा स्क्रू असतो, तो फिरवायचा. पण किती? मलाही त्याचा आवाज आठवत नाही. हे आज कळलं. फिरवतोय, फिरवतोय, कधी पोरगा बोलतो, कधी म्हातारा, माझा भाऊ कुठेच नाही.
शेवटी बी बाजू लावली. आईचा आवाज मला माहीत आहे, तो बरोबर आला की त्याचाही येईल. आई आणि कमल झोपलेल्या, दु. ३. कानाला लावून ऐकत, स्क्रू फिरवत.
"ये रे बाबा. इचारतंस काय? जागा होतली. मी भायर निजान."
परत मागे. परत. अकरा वेळा तरी ऐकलं असेल. अकराव्यांदा बरोबर तिचा आवाज आला.
नरक असलाच तर तिथेही असंच काहीतरी रिपेअरीचं काम देत असतील.

१७ जाने.
सकाळी लावला. ठरवलं होतं, फक्त ए बाजू ऐकवायची, संपली की बंद. एवढा विचार केला, कंडेन्सर, पट्टी, स्पीड. आणि साधी गोष्ट सुचली नाही.
कॅसेट आत घालणार तेवढ्यात आईने हात पुढे केला. हातात घेतली. कोपऱ्याला तिनेच लावलेला कुंकवाचा डाग, पोस्टात टाकताना वाट सुखाची व्हावी म्हणून. त्यावर अंगठा फिरवला.
"ही हयसर कशी?"
मी टेपाचं झाकण उघडून धरलं.
"सुरश्या, ही तर तेच्याकडे होयी."
तिच्या हातातून घेऊन घातली, बटण दाबलं. दादा बोलला. अगदी दादाच. "आई, येऊ का घरी?" आईने डोळे मिटले. कमल पदर तोंडाशी धरून उभी. सगळं ऐकून झालं, खट् करून बटण वर आलं.
आई डोळे न उघडता म्हणाली, "माजी बाजू लाव."
मी म्हटलं, सेल संपले.
कालच नवे टाकलेत.

१८ जाने.
सकाळपासून माझ्याशी बोलली नाही. कमलच्या हातचं पाणी घेतलं. चादर बदलताना उशीखाली पुडा सापडला, दोन पेन्सिल सेल. कमल म्हणाली, "आईंनी मागवले खालून. कशाला ते विचारलं, तर म्हणाल्या, तेका म्हायत हा."
म्हणजे आईला सगळं कळलंय. ऐकायचं आहे ते तिला, की मला ऐकवायचं आहे? आणि ऐकल्यावर काय बोलेल? काही बोललीच नाही तर?
टेप इथे टेबलावर आहे. कॅसेट आतच.
आत्ता हाक मारली. "सुरेश." सुरश्या नाही. बारशाला घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर तिने हे नाव कधी
उठतो.