दोन डबे आणि दुपारचं नेट

६ ऑगस्ट, बुधवार

आजही! लायब्ररीच्या कोर्सचा ऑनलाइन क्लास सुरू झाला, स्क्रीनवर मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच — नेट गेलं. काल तसंच, परवा तसंच. संध्याकाळी रोशन माजरीच्या खाणीतून घरी आला की झक्क चालतं. नवऱ्याला पाहून येतं की काय?

सासूबाई म्हणाल्या, “मी तर त्या डब्ब्याले हातबी लावत नाई.”

मी विचारलंच नव्हतं!

७ ऑगस्ट

डबे दोन आहेत. एक दाराजवळ, त्यात बाहेरून वायर येते. दुसरा शिंगंवाला, सासूबाईंच्या खोलीत, टीव्हीमागे. तिथे त्यांचाच हात पोचतो. मी नागपूरला नोकरीला जाणं त्यांना नकोच असणार. शिक म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत.

८ ऑगस्ट

सासूबाई दुपारी विहारात गेल्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याच खोलीत बसले. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही — तरी नेट गेलं! दोन्ही डब्यांचे लाइट चालू. टीव्हीवर यूट्यूब चालू. फक्त माझ्या लॅपटॉपचं नेट बंद.

मग सासूबाई नाहीत. कोण?

११ ऑगस्ट

प्रणितला फोन केला. माझा भाऊ, चंद्रपूरला मोबाइलचं दुकान आहे त्याचं.

“ताई, दाराजवळचा तो मोडेम. बाहेरचं नेट घरात आणते, बस. शिंगंवाला राउटर. तो घरात वाटते — कोणाले द्याचं, कोणाले नाई. टीव्ही चालून राह्यला म्हणजे मोडेम चांगला आहे. राउटरमधून कोणीतरी तुह्याच लॅपटॉपचं बंद करून राह्यलं.”

“पण घरात कोणीच नव्हतं!”

“घरात असाचं कामच नाई. मोबाइलवरून होते, कुठूनबी. पासवर्ड कोणाजवळ आहे?”

मी फोन ठेवून दिला.

रोशनजवळ. राउटर त्यानेच आणला होता — माझ्या अभ्यासासाठी म्हणून.

१२ ऑगस्ट

रोशनला एवढ्यात विचारायचं नाही, ठरवलं. नुसती पाहत राहिले. जेवताना तोच म्हणाला, “नेट कसं होतं आज?”

“गेलं होतं.”

“कंपनीच भंगार आहे,” म्हणाला अन् वरण मागितलं. नजर ताटातच.

१४ ऑगस्ट

नागपूरच्या कॉलेजात लायब्ररीच्या नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. प्रणितने सांगितलं तसं केलं — राउटर काढून टाकला, मोडेमची वायर सरळ लॅपटॉपला जोडली. वायर आखूड. दाराशीच, चपलांच्या बाजूला बसून बोलले. सासूबाई उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. शेजारीण आली तर तिला बाहेरूनच वाटेला लावलं. मला काही विचारलं नाही.

नेट एकदाही गेलं नाही!

१९ ऑगस्ट

निवड झाली! रोशनला सांगितलं. लगेच पासवर्डचंही विचारलं. आधी ओरडला. “मी काऊन बंद करीन?” मग पलंगावर बसला, खाली पाहत. “तू गेली तर इथी आईले कोण पाहीन?”

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “माहं नाव काऊन घेऊन राह्यला?”

मला रडू आलं — कोणासाठी, कळलं नाही.

२० ऑगस्ट

रोशन न जेवताच खाणीवर गेला.

३१ ऑगस्ट

भद्रावती स्टँड. नागपूरची बस. माझ्या शेजारी, खिडकीशी सासूबाई बसल्या आहेत. त्यांची पिशवी माझ्या बॅगेपेक्षा मोठी!