गोधडीवरच्या उड्या

प्रिय ताई,

मी मजेत आहे. डायलिसिसला भाऊजी सोबत येतात ना?

डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय, माझं वजन उतरल्याशिवाय माझी किडनी तुला देता येणार नाही. म्हणून बेकरीतून आलो की खोलीत गोधडीची घडी घालून तिच्यावर उड्या मारतो. नाहीतर खालच्या काकू काठीने छत ठोकतात.

पायजम्याची नाडी जरा जास्त आवळली जाते आता. वजनाचा काटा मात्र तुझ्यासारखाच हट्टी. काल रागाने त्याला लाथ मारली, मग घाबरून वाकून पाहिलं, मोडला तर नाही ना.

पोटभर जेवलास का, असं विचारू नकोस. तुझ्या ताटातलं मला भरवून तूच हे अंग वाढवलंस. ते उतरेपर्यंत थांब गं.

तुझाच,
ढब्बू