बंधाऱ्यावरचे मासे नदीचे नाहीत

प्रति,
मा. विभागीय मत्स्य निरीक्षक,
नदी व मत्स्य कार्यालय, मध्य वेल्स विभाग.

अर्जदार : इद्वल प्रॉसर, निवृत्त बसचालक, पेंत्रेविन.

विषय : अर्जदाराने स्वतः दिलेली साक्ष रद्द करून जुन्या गिरणीचा बंधारा पानगळीपूर्वी फोडण्याबाबत.

संदर्भ :
१. सशाच्या कानामागची लव.
२. पत्र्याची बादली, कडीला निळा दोरा.
३. अर्जदाराचे दोन्ही गुडघे.
४. पेपरमिंटचा वास, ग्रामसभागृह, शेवटची रांग.
५. डुकराच्या मांसाच्या पातळ कापांत गुंडाळून भाजलेला एक मासा.
६. आपल्या कार्यालयाचा फेब्रुवारीतला निर्णय.

महोदय,

संदर्भांचा क्रम कार्यालयीन पद्धतीला धरून नाही, याची अर्जदाराला जाणीव आहे. आपल्या कामाचा फक्त सहावा आहे. परंतु आधीचे पाच कळल्याशिवाय सहावा चुकला कसा हे कळणार नाही, सबब ते वगळता आले नाहीत.

१. अर्जदार व श्री. हेदविन बेब, मेंढ्या पाळणारे, हे दोघे शाळेच्या वयापासून ग्वेर्नान नदीवर एकत्र ट्राउट मासे धरत आले आहेत. श्री. बेब यांची कुरणे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदीला लागून आहेत आणि तिथला डोह त्यांच्याच हद्दीत येतो. अर्जदार तिथे मैत्रीच्या हक्काने जातो. (जात असे.)

२. ग्वेर्नानचा स्वतःचा ट्राउट लहान असतो. पाठीला काळसर, अंगावर लाल टिपके, प्रत्येक टिपक्याभोवती फिकट कडे. माणसाची सावली पाण्यावर पडली की तो दिवसभर पुन्हा दिसत नाही. पानगळीनंतर हे मासे अंडी घालायला वरच्या खडीत चढत. बंधारा तेव्हाही होता, पण त्याच्या कडेला एक फट होती. गिरणीत चहाचे दुकान निघाले तेव्हा गिऱ्हाइकांना पाणी एकसारखे पडताना दिसावे म्हणून ती फट सिमेंटने बुजवली गेली. तेव्हापासून दर नोव्हेंबरात मासे त्या भिंतीवर उड्या घेतात, आपटतात आणि दमून खाली जातात. वर मासे विरळ होत गेले आणि एका वर्षी दिसेनासेच झाले. हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे.

३. पाच-सहा वसंतांपूर्वी डोह पुन्हा भरला. अर्जदाराला वाटले, नदी सावरली. त्याहून खरे म्हणजे, आपल्यामुळे सावरली असे वाटले. कारण अर्जदाराची मासे धरण्याची रीत कडक आहे : बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली जुनी काठी, केसाएवढा धागा, मासा सहज सुटावा म्हणून उलटा काटा घासून काढलेला गळ, आणि गांडूळ कधीही नाही. धरलेला मासा ओल्या हाताने परत पाण्यात सोडायचा. श्री. बेब कार्बनची काठी वापरतात आणि मन लागले नाही तर गांडूळही लावतात. ते म्हणत, "लेका इद्वल, तुझं हे सोवळं बघून माशांनाच लाज वाटते. म्हणून येऊन लागतात बिचारे."

त्या डोहासाठी अर्जदाराने एक खोटी माशी, म्हणजे माशाला किडा वाटेल असे आमिष, बांधली होती. गळावर सशाच्या कानामागची लव आणि तित्तिराचे एक पीस. तपकिरी, गोलसर, बुटकी. दिसायला काही नाही. पण मासे तिच्यावर तुटून पडत. दुसऱ्या कोणत्याही नदीवर ती चालली नाही. यावरून ग्वेर्नानचे मासे इतर नद्यांच्या माशांपेक्षा चोखंदळ आहेत, असा निष्कर्ष अर्जदाराने काढला. 'काळी मेंढी' या आमच्या पबात ती माशी काचेच्या पेटीत लावलेली आहे. खाली पितळी पट्टी : 'प्रॉसरची तपकिरी'. पट्टी श्री. बेब यांनी करवून आणली.

४. गेल्या ऑक्टोबरात आपल्या कार्यालयाने बंधारा फोडावा की ठेवावा याबाबत ग्रामसभागृहात सुनावणी घेतली. आपण स्वतः अध्यक्षस्थानी होता. अर्जदार पुढे येऊन बोलला, आणि तो बोलला म्हणून लोकांनी ऐकले, कारण बस चालवताना त्याने कधी कोणाला वेळ चुकीची सांगितली नव्हती. तो म्हणाला की बंधारा असूनही नदीचे मासे आपल्या बळावर वर पोहोचले आहेत. कोणीतरी विचारले, "मग त्यांच्या पाठीवरचे पर झिजलेले का असतात, इद्वल?" अर्जदाराने उत्तर दिले, "बंधारा चढून आलेत ते. तुझे गुडघे नाही झिजले चॅपलची चढण चढून?" सभागृह हसले. आपणही हसलात. आपण ते उत्तर लिहून घेतलेत.

सिमेंटच्या हौदात दाटीने वाढलेल्या माशाचे पर झिजतात, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते असे नाही. हे या धंद्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण आपल्या डोहातल्या माशाकडे कोणी त्या नजरेने बघत नाही.

श्री. बेब शेवटच्या रांगेत पेपरमिंट चघळत बसले होते. अर्जदार बोलत असताना ते खोकले. अर्जदाराने तो खोकला सर्दीचा समजला.

५. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात श्री. बेब डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेले होते. अर्जदार संध्याकाळी डोहावर गेला. नेहमीप्रमाणे शेवटचे कुरण त्याने गुडघ्यांवर रांगत पार केले, कारण सावली पडू द्यायची नसते. गवत ओले होते. अर्जदार काठावर पोटावर आडवा होऊन पहिली फेक टाकणार, इतक्यात श्री. बेब यांच्या पत्नी श्रीमती मेरिएल बेब पिवळे बूट घालून, ताठ उभ्या, बादलीवर पळी बडवत आल्या.

आवाजासरशी डोह उकळल्यासारखा झाला. सगळे मासे काठाशी आले. तोंडे वर करून. श्रीमती बेब यांच्या बुटांपाशी.

"अहो इद्वल, खाली काय करताय? काही पडलं का?"

अर्जदाराने काठी गवतात ठेवली.

"उठा की. ते माणसाला भीत नाहीत, उलट माणूस नसला की हिरमुसतात." मग त्यांनी अर्जदाराचा चेहरा पाहिला. "हेदविननं सांगितलं नाही तुम्हाला? अगं बाई. मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून सोडलेत. दर मार्चला टाकी घेऊन ट्रक येतो, मी म्हटलं, इद्वलना ठाऊक असणारच."

अर्जदाराने बादलीतली खाद्याची एक गोळी मागून घेतली. पाण्यात बुडवून तळहातावर ठेवली आणि शेजारी आपली खोटी माशी ठेवली. भिजल्यावर गोळीच्या कडेला बारीक लव सुटते. रंग तोच. आकार तोच. श्रीमती बेब यांनी वाकून पाहिले आणि भाबडेपणाने म्हणाल्या, "ह्यातलं तुमचं कोणतं?"

६. श्री. बेब परतल्यावर, एका डोळ्यावर पट्टी असताना, अर्जदाराने त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात गाठले. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो.

"अरे, मासा मिळत होता ना तुला? मग?"

"तू सांगायचं होतंस, हेदविन."

"कधी? तू हसत होतास तेव्हा?"

"सभेत. मी उभा राहून खोटं बोलत होतो, आणि तू पेपरमिंट खात होतास."

"तू खोटं नव्हतास बोलत. तुला ठाऊकच नव्हतं. खोटा मी होतो, तू कशाला अंगाला लावून घेतोस? आणि लेका, काय बोललास त्या दिवशी! अर्ध्या सभागृहाचे डोळे भरले होते. मध्येच उठून काय सांगू, की बाबांनो, ही पाळलेली कोंबडी आहे?"

"बंधारा तसाच राहिला त्यामुळे."

"राहू दे की. तुला काय बंधाऱ्याशी लग्न करायचंय?"

यापुढचे बोलणे वेल्श भाषेतल्या शिव्यांत झाले. ते कार्यालयीन उपयोगाचे नाही.

७. सद्यस्थिती अशी आहे. डोहातले पोसलेले मासे दर पुरात बंधाऱ्यावरून खाली घरंगळतात. खाली नदीचे जे थोडे मासे उरले आहेत त्यांची जागा आणि खाणे हे धटिंगण बळकावतात. नदीचा मासा वर जाऊ शकत नाही. हौदाचा मासा खाली येऊ शकतो. बंधारा राखण्याचा आपला निर्णय या महिन्याअखेर कायम होणार आणि बंधारा फोडायला ठेवलेला निधी दुसऱ्या खोऱ्याकडे वळणार. म्हणजे अर्जदाराच्या तोंडून निघालेल्या चार वाक्यांनी या नदीचा ट्राउट संपणार आहे. ती वाक्ये परत मिळावीत एवढ्यासाठी हा अर्ज आहे.

सबब विनंती की,

(अ) अर्जदाराची साक्ष, विनोदासह, रद्द करावी.

(आ) बंधारा पानगळीपूर्वी फोडावा. तो पूर्ण फोडणे शक्य नसल्यास निदान ती जुनी फट उघडावी. जागा अर्जदार दाखवील.

(इ) डोहातले मासे काढून न्यावेत. यासाठी काठी, धागा किंवा कौशल्य लागणार नाही. आपल्या कर्मचाऱ्याने संध्याकाळी बादली वाजवावी आणि जाळे धरावे.

(ई) 'काळी मेंढी'मधली काचेची पेटी कार्यालयीन आदेशाने उतरवावी. अर्जदाराने स्वतः उतरवू पाहिली असता मालकीणबाई म्हणाल्या, "हात लावू नका. पर्यटक फोटो काढतात."

(उ) विनापरवाना मासे सोडल्याबद्दल श्री. बेब यांच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई होते, हे अर्जदार जाणतो. त्यांचे नाव न देता साक्ष रद्द करता येते का, अशी चौकशी त्याने आपल्या कार्यालयात केली होती. येत नाही असे सांगण्यात आले. म्हणून नाव दिले आहे. शिक्षेबाबतचे वाक्य अर्जदाराने लिहून खोडले आहे. खोडलेले वाचू नये.

(ऊ) अर्जदाराची पत्नी नेस्ता हिच्या शेवटच्या वसंतात तिची अन्नावरची वासना उडाली होती. तेव्हा अर्जदाराने आपला नियम मोडून डोहातला एक मासा घरी आणला आणि मांसाच्या कापांत गुंडाळून भाजला. तिने तो सगळा खाल्ला. काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले आणि म्हणाली, "नदीची चव आहे, इद्वल." तो मासा कोणता होता हे आता तपासता येणार नाही. त्याचे काहीही शिल्लक नाही. डोहात त्या वर्षी नदीचा एखादा तरी मासा उरला असणे अशक्य नव्हते, असे आपल्याच कार्यालयातील तज्ज्ञ दूरध्वनीवर म्हणाले. तरी तेवढा एक मासा विशेष बाब म्हणून नदीचा धरण्यात यावा आणि तसे लेखी कळवावे. इतर सर्व माशांवरचा हक्क अर्जदार सोडत आहे.

वरीलपैकी सर्व मागण्या मान्य करणे शक्य नसल्यास (आ) मान्य करावी. (ऊ) नंतर पाहता येईल.

आपला नम्र, आणि अजूनही विश्वास ठेवणारा,

इद्वल प्रॉसर
पेंत्रेविन, १९ मे

सोबत :
१. खोटी माशी, टोक कापलेल्या गळासह.
२. खाद्याची गोळी, कागदात.
(दोन्ही एकाच पाकिटात आहेत. ओळखण्यात अडचण आल्यास गळ पाहावा.)

ता. क. श्री. बेब यांच्या डोहावर पहिला ट्रक आला त्याच्या आदल्या आठवड्यात अर्जदाराने आपल्या सर्व काठ्या विकायला काढल्याची चिठ्ठी 'काळी मेंढी'च्या दारावर लावली होती.